फादर स्टीफन्स यांस आलेलें अनपेक्षित पाचारण व ख्रिस्तपुराणाची उत्पत्ति

ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचें नांव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. इंग्लंडांत जन्मलेल्या, रोमांत दीक्षा घेतलेल्या व पोर्तुगीज अमलाखालीं राहिलेल्या एका धर्मोपदेशकानें सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांचा ग्रंथ रचावा, ही गोष्ट इतक्या वेळां सांगितली गेली आहे कीं, तिच्यांतील आश्चर्य आतां बोथट झालें आहे. परंतु हा ग्रंथ मुळांत कां रचला गेला, या प्रश्नाची वासलात बहुधा दोन ठराविक उत्तरांनीं लावण्यांत येते. एक पक्ष म्हणतो, मराठीच्या प्रेमानें. दुसरा म्हणतो, धर्मप्रसाराची युक्ति म्हणून. आमच्या मतें दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. स्टीफन्स यांचें चरित्र व ग्रंथाची अंतर्गत साक्ष जुळवून पाहतां असें दिसतें कीं, त्यांस आयुष्यांत तीन वेळां पाचारण आलें. पहिल्यानें ते स्वदेशांतून रोमास गेले, दुसऱ्यानें रोमाहून गोव्यास आले; तिसरें मात्र साष्टींतील श्रोत्यांच्या तोंडून आलें, आणि तेंच सर्वांत अनपेक्षित होतें. ख्रिस्तपुराण हें त्या तिसऱ्या पाचारणाचें उत्तर होय. प्रस्तुत लेखांत या मताचीं प्रमाणें देऊन, शेवटीं हस्तलिखितांच्या संग्राहकांपुढें एक विनंती ठेवण्याचा आमचा विचार आहे.

(१) स्वदेशत्याग

स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यांतील बुशटन या खेड्यांत झाला. वडील व्यापारी होते. त्या काळीं एलिझाबेथ राणीच्या राज्यांत रोमन कॅथॉलिक पंथानें राहणें दिवसेंदिवस कठीण होत चाललें होतें. इ. स. १५७० मध्यें पोपनें राणीस बहिष्कृत केलें, तेव्हांपासून कॅथॉलिक म्हणजे राजद्रोही असा संशय दृढ झाला.

अशा दिवसांत टॉमस पाउंड नांवाच्या एका धनिक गृहस्थाशीं स्टीफन्स यांचा स्नेह जुळला. हा पाउंड पूर्वीं राणीच्या दरबारीं होता. राजवाड्यांत नृत्य करीत असतां तो पडला, राणीनें त्याचा भर सभेंत उपहास केला, आणि त्या क्षणापासून त्याचें मन दरबारावरून उडालें, अशी आख्यायिका आहे. दोघांनीं मिळून रोमास जाण्याचें व जेझुइट म्हणजे येशूसंघांत प्रवेश करण्याचें ठरविलें. परंतु प्रस्थानापूर्वींच पाउंड पकडला गेला, आणि पुढचीं सुमारें तीस वर्षें त्यानें बहुतेक एका तुरुंगांतून दुसऱ्या तुरुंगांत काढलीं. स्टीफन्स एकटेच पुढें गेले. २० ऑक्टोबर १५७५ रोजीं रोम येथील सेंट आंद्रेच्या मठांत नवशिष्य म्हणून त्यांचा प्रवेश झाला. मागें राहिलेल्या मित्राचा त्यांस विसर पडला नाहीं. इ. स. १५७८ मध्यें त्यांनीं संघाच्या मुख्याधिकाऱ्याकडे अर्ज करून, बंदींत असलेल्या पाउंडला तेथेंच संघाचा सभासद करून घ्यावें अशी विनंती केली, व ती मान्य झाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. संघांत शिरलेल्या इंग्रज तरुणास पुढें इंग्लंडांतच गुप्तपणें कार्य करण्यास पाठवितील, असेंच आज आपणांस वाटतें. परंतु येशूसंघाची इंग्लंडांतील कामगिरी इ. स. १५८० मध्यें सुरू झाली. त्या वर्षीं गेलेल्या एडमंड कँपियनला पुढच्याच वर्षीं देहान्त शिक्षा झाली. स्टीफन्स त्यापूर्वींच पूर्वेकडे निघून गेले होते. ज्या देशासाठीं त्यांनीं घर सोडलें असें म्हणावें, त्या देशाचें दार उघडण्याच्या आधीं एक वर्ष त्यांचें जहाज हिंदुस्थानच्या वाटेला लागलें. सेंट झेवियर यांचीं हिंदुस्थानांतून लिहिलेलीं पत्रें त्या पिढींत युरोपभर वाचलीं जात. त्यामुळें अशा तरुणांच्या मनांत या देशाविषयीं ओढ असणें स्वाभाविक होतें. तरी पण विल्टशरच्या व्यापाऱ्याच्या मुलास हें भविष्य बालपणीं कोणी सांगितलें असतें, तर त्यास तें खरें वाटलें नसतें.

(२) समुद्रप्रवास व दोन पत्रें

४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून पांच जहाजांच्या काफिल्याबरोबर स्टीफन्स निघाले व २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोंचले. हिंदुस्थानांत कायमचे राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून त्यांचा उल्लेख करितात. त्याच वर्षीं १० नोव्हेंबरला त्यांनीं वडिलांस जें पत्र लिहिलें, तें रिचर्ड हॅक्लुइटनें आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहांत छापल्यामुळें आज उपलब्ध आहे. पत्राचा बहुतेक भाग समुद्राविषयीं आहे. हिरड्या सुजून येणारा खलाशांचा रोग, वाटेंत दिसलेले मासे व पक्षी, हीं सर्व त्यांत आहेत. उत्तर-दक्षिण जाणें सोपें, परंतु पूर्व-पश्चिम जातांना आकाशांत कोणताही स्थिर बिंदु नसल्यामुळें मार्ग ठरविणें किती अवघड जातें, हेंही त्यांत सांगितलें आहे. पत्र वाचून लेखक चौकस व अचूक पाहणारा आहे इतकें कळतें. तो पुढें कवि होईल असें कळत नाहीं.

दुसरें पत्र पॅरिस येथें असलेल्या रिचर्ड नांवाच्या भावास, लॅटिन भाषेंत लिहिलेलें आहे. त्याची तारीख २४ ऑक्टोबर १५८३. म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यास लागल्यास बरोबर चार वर्षें झालीं ती तारीख. या पत्रांत येथील भाषांविषयीं त्यांनीं जें लिहिलें आहे, तें भाषाशास्त्राच्या इतिहासांत नमूद झालेलें आहे. येथील भाषा अनेक आहेत, त्यांचे उच्चार कानास कटु लागत नाहींत, आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्या रचनेसारखी आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. हेंच साम्य संस्कृतासंबंधानें सर विल्यम जोन्स यांनीं इ. स. १७८६ मध्यें कलकत्त्यास मांडलें. त्यांच्या व्याख्यानाचा व्याप अर्थातच मोठा होता. तथापि दोनशें वर्षांपूर्वीं केवळ बोलभाषा ऐकून एका परकीयास हें सुचावें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

(३) साष्टींतील परिस्थिति

गोव्यांत धर्मगुरु झाल्यावर स्टीफन्स यांचें बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतांत गेलें. (ही साष्टी गोव्यांतील, मुंबईजवळची नव्हे.) तेथील जेझुइट विद्यालयाचे ते कांहीं काळ रेक्टर होते. परंतु हा प्रांत म्हणजे शांत पाठशाळेचें अंगण नव्हतें, हें स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. इ. स. १५६७ मध्यें रायतूरच्या पोर्तुगीज कप्तानानें साष्टींतील दोनशेंहून अधिक देवालयें पाडलीं. जुन्या पोथ्या बाळगणें व वाचणें यांस बंदी होती. त्या हुडकून काढून जप्त करण्यांत येत. इ. स. १५८३ च्या जुलैमध्यें कुंकळ्ळी येथें गांवकऱ्यांनीं रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे चार सहकारी अशा पांच जेझुइटांस ठार मारिलें. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या प्रमुखांस बोलावून आणून विश्वासघातानें मारिलें. वर सांगितलेलें भावास लिहिलेलें पत्र या प्रसंगानंतर सुमारें तीनच महिन्यांनीं लिहिलें गेलें आहे. ज्या हवेंत सूड व भीति भरून राहिली होती, त्याच हवेंत राहून हा गृहस्थ त्या लोकांच्या भाषेची घडण लक्षपूर्वक पाहत होता. हे दोन्ही प्रकार एकत्र ध्यानांत ठेवल्याखेरीज पुढील हकीकतीचा अर्थ लागणार नाहीं.

आणखी एक विसंगति सांगण्याजोगी आहे. ज्या पोथ्या गांवांतून काढून घेतल्या जात, त्यांचा अभ्यास मात्र धर्मोपदेशकांच्या मठांत चालत असे. पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत ७७१, ७७२ व ७७३ या क्रमांकांचीं हस्तलिखितें आहेत. रामायण-महाभारतांतील कथा कोंकणी गद्यांत, आणि विष्णुदास नामा व कृष्णदास शामा यांच्या नांवांशीं निगडित मराठी पद्यें, हीं त्यांत रोमन लिपींत उतरवून घेतलेलीं आहेत. म्हणजे गांवकऱ्यास जें वाचण्याची मनाई, तेंच पाद्र्याच्या मेजावर पाठ्यपुस्तक होतें. स्टीफन्स यांची ओवी कोठें घडली, याचा शोध या दप्तरांत घेतला पाहिजे.

(४) तिसरें पाचारण

आतां ग्रंथाकडे वळूं. ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वर म्हणजे अध्याय असून त्यांत सृष्ट्युत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे. दुसऱ्यांत ५९ अवस्वर असून त्यांत येशूचें चरित्र आहे. पहिल्याच अवस्वरांत ग्रंथाच्या उत्पत्तीची कथा कवीनें सांगितली आहे. तिचा आशय असा : साष्टींत ख्रिस्ती सिद्धांताची शिकवण चालू असतां नवख्रिस्ती श्रोत्यांपैकीं एक जण पाद्री-गुरूस प्रश्न करितो कीं, ही प्रश्नोत्तरी चांगली आहे; परंतु तुम्ही आमचीं पूर्वींचीं पुराणें वर्ज्य केलीं, मग त्यांच्यासारखीं दुसरीं पुराणें आम्हांस कां देत नाहीं?

आमच्या मतें हा प्रश्न म्हणजेच तें तिसरें पाचारण होय. परंतु यावर एक आक्षेप सहज येईल, आणि तो सबळ आहे. पुराणग्रंथांचा आरंभ श्रोत्यांच्या प्रश्नानें करण्याची रूढि फार जुनी आहे. नैमिषारण्यांत शौनकादि ऋषि प्रश्न करितात आणि सूत उत्तर देतात, हा सांचा ज्यांनीं संस्कृत पुराणांचे दोनचार अध्याय वाचले आहेत, त्या सर्वांस ठाऊक आहे. मग साष्टींतील श्रोता हा केवळ शौनकाचा ख्रिस्ती अवतार कां समजूं नये?

या आक्षेपाचें उत्तर असें. प्रश्नाचा सांचा रूढीचा आहे, हें आम्हांस मान्य आहे. किंबहुना परदेशांतून आलेल्या पाद्र्यास हा सांचा इतका आत्मसात झाला होता, हीच गोष्ट त्यानें पुराणें नीट ऐकल्याची अगर वाचल्याची साक्ष देते. परंतु सांच्यांत ओतलेला मजकूर रूढीचा नाहीं. शौनक सूतास कथा विचारतो. ‘तूं माझी पूर्वींची कथा हिरावून घेतलीस’ असें म्हणत नाहीं. साष्टींतल्या प्रश्नांत याचना आहे तशी तक्रारही आहे. आपल्याच संस्थेवर येणारी तक्रार, रचनेची शोभा म्हणून, धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीनें छापावयाच्या ग्रंथाच्या आरंभीं कोणी मुद्दाम घालील असें वाटत नाहीं. प्रत्यक्ष व्यक्ति एक होती कीं अनेकांचें म्हणणें कवीनें एकाच्या मुखीं घातलें, हा भेद गौण आहे. प्रश्न साष्टींत विचारला जात होता, हें निश्चित मानण्यास प्रत्यवाय नाहीं.

दुसरें प्रमाण भाषेच्या निवडीचें. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेंत कवि सांगतात कीं, हें सर्व मराठी भाषेंत लिहिलें आहे, कारण ईश्वरविषयक गोष्टी सांगण्यास ती या देशांतील भाषांमध्यें योग्य होय. परंतु शुद्ध मराठी येथील सामान्य लोकांस समजणार नाहीं, म्हणून तींत येथील ब्राह्मणांच्या भाषेंतील सोपे शब्द मिसळले आहेत. ब्राह्मणांची भाषा म्हणजे येथें कोंकणी समजावयाची. याच स्टीफन्स यांनीं कोंकणीचें व्याकरण लिहिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, दियोगु रिबैरु यांनीं सुधारून वाढविलेल्या स्वरूपांत, इ. स. १६४० मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. त्यांची प्रश्नोत्तरीही, जी इ. स. १६२२ मध्यें निघाली, कोंकणींतच आहे. मग पुराण मात्र मराठींत कां? कारण प्रश्न करणाऱ्यास नुसता उपदेश नको होता, पुराण पाहिजे होतें. आणि त्याच्या कानांत पुराणाची भाषा मराठी होती. श्रोत्यानें जें मागितलें, त्याच जातीचें उत्तर त्यास मिळालें. एकनाथमहाराज इ. स. १५९९ मध्यें समाधिस्थ झाले, आणि ख्रिस्तपुराण इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. ओवीच्या भरभराटीचा तो काळ होता.

येथें आम्हांस एक इशारा द्यावासा वाटतो. या उत्तराच्या सौंदर्यामुळें प्रश्नामागील दुःख झांकलें जाऊं नये. पोथ्या ज्यांनीं काढून घेतल्या, त्यांच्यापैकींच एकानें ती उणीव ओळखली व भरून काढण्याचा यत्न केला. त्याची सहृदयता खरी, आणि त्याच्या संस्थेनें केलेली हानिही खरी. इतिहासकारानें यांपैकीं एकाच्या भरीस पडून दुसरें लपवूं नये.

(५) न मिळालेले खिळे

तिसरें प्रमाण स्टीफन्स यांच्या इ. स. १६०८ च्या पत्रांत आहे. संघाच्या मुख्याधिकाऱ्यास लिहितांना ते म्हणतात कीं, या प्रांतांत येथील भाषेंत व येथील लिपींत कांहीं ग्रंथ छापले जावे अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे. मलबारांत तसें झालें असून तेथील ख्रिस्ती लोकांस त्याचा मोठा लाभ झाला आहे. तमिळ लिपींतील पुस्तक इ. स. १५७८ मध्येंच कोल्लम येथें छापलें गेलें होतें. अडचणी दोन. एक, युरोपांत चोवीस अक्षरें पुरतात, परंतु येथील लिपि अक्षरसंधींची असल्यामुळें सुमारें सहाशें ठसे लागतील. दुसरी, वरिष्ठांच्या आज्ञेवांचून व साह्यावांचून हें काम होणें नाहीं.

तें साह्य मिळालें नाहीं, हें परिणामावरून स्पष्टच आहे. ख्रिस्तपुराण रोमन लिपींत निघालें. मराठी ग्रंथ देवनागरी खिळ्यांनीं छापला जाण्यास श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांच्या इ. स. १८०५ च्या व्याकरणापर्यंत वाट पाहावी लागली. केरी यांनीं इ. स. १८१० चा मराठी कोश तर मोडी लिपींत छापला. म्हणजे स्टीफन्स यांनीं जें मागितलें, तें जवळजवळ दोनशें वर्षांनीं, दुसऱ्या प्रांतांत व दुसऱ्या पंथाच्या हातून साध्य झालें. आपल्या श्रोत्यांस त्यांच्या ओळखीचें पुराण द्यावें, तर तें त्यांच्या ओळखीच्या अक्षरांतही द्यावें, हा विचार ज्याच्या मनांत पक्का झाला होता, त्यानें तिसरें पाचारण किती मनापासून ऐकलें होतें हें यावरून दिसतें. इ. स. १६१९ मध्यें स्टीफन्स गोव्यांतच निवर्तले. गोव्यास आल्यास तेव्हां चाळीस वर्षें झालीं होतीं.

(६) प्रतींचा प्रश्न

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन छापील आवृत्त्या निघाल्या. यांपैकीं एकाही आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. इ. स. १६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयनें देशी भाषा तीन वर्षांच्या आंत टाकून देण्याचा हुकूम काढला. अशा वातावरणांत देशी भाषेंतील पुस्तकांची जी दशा होणार ती झाली. ग्रंथ वांचला तो हातानें उतरलेल्या प्रतींमुळें, व विशेषतः गोव्यांतून कानडा मुलखांत जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळें. तेथें तो घरोघरीं गाइला जात असे. तेथील प्रतींवरूनच इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें जे. एल. सालदान्य यांनीं रोमन लिपींतील आवृत्ति प्रसिद्ध केली. देवनागरींत शांताराम बंडेलू यांची आवृत्ति इ. स. १९५६ मध्यें पुण्यास निघाली.

दरम्यान एक महत्त्वाचा शोध लागला होता. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अॅबट यांस इ. स. १९२३ च्या सुमारास लंडनच्या प्राच्यविद्यालयांत, मार्सडेन यांच्या संग्रहांत, या ग्रंथाची देवनागरी प्रत आढळली. विल्यम मार्सडेन यांनीं हा संग्रह इ. स. १८३५ मध्यें किंग्ज कॉलेजास दिला होता. पुढें तो प्राच्यविद्यालयाकडे आला. या प्रतींत दोन भागांस आदिपुराण व देवपुराण अशीं नांवें आहेत. रोमन प्रतींत जेथें ख्रिस्ती धर्मविधींचीं पोर्तुगीज नांवें येतात, तेथें हिच्यांत पुष्कळ ठिकाणीं संस्कृत वळणाचे शब्द आहेत. अॅबट यांनीं हीच मूळ संहिता मानिली. इतर अभ्यासकांनीं ती मागाहून केलेली रूपांतरित प्रत ठरविली.

या वादाचा निकाल अभिमानानें लागणार नाहीं, पाठमेलनानें लागेल. रोमन प्रतींत ‘अ’ व ‘आ’ या दोहोंसाठीं बहुधा एकच अक्षर असतें. मूर्धन्य वर्ण व्यंजनाच्या द्वित्वानें दाखवितात. ‘श’ च्या जागीं पोर्तुगीज पद्धतीनें ‘एक्स’ येतो. त्यामुळें देवनागरींत उतरवितांना प्रत्येक संपादकास पदोपदीं निवड करावी लागते. एखादी जुनी देवनागरी प्रत आणखी सांपडली, तर केवळ तिच्या शुद्धलेखनावरूनही पुष्कळ शंका फिटतील.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी आहे. गोव्यांतील, सावंतवाडीकडील व मंगळूरकडील जुन्या ख्रिस्ती घरांत रोमन अक्षरांचें, शीर्षकपृष्ठ नसलेलें जाड बाड असेल, तर तें प्रार्थनापुस्तक समजून बाजूस ठेवूं नये. ‘अवस्वर’ हा शब्द त्यांत येतो काय, तें पाहावें. तसेंच आपल्या दप्तरांत ‘आदिपुराण’ नांवाची सुटी पोथी असल्यास, ती जिनसेनाचार्यांचें जैन आदिपुराण असेल असें नांवावरूनच ठरवूं नये; चार ओव्या वाचून पाहाव्या. फाटकीं पानें नव्यानें बांधूं नयेत. कागदांतील जलचिन्ह, नकलकाराचें नांव व शेवटचा लेखनकाल यांची प्रथम नोंद करावी, आणि छायाचित्र घेऊन एखाद्या संशोधन-संस्थेकडे पाठवावें.

साष्टींतील त्या श्रोत्याचें नांव ग्रंथांत नाहीं. त्यानें प्रश्न केला आणि त्यास उत्तर मिळालें. परंतु ज्या रूपांत तें उत्तर प्रथम त्याच्या हातीं आलें, तें रूप आज आपल्यापाशीं नाहीं. तें एखाद्या माळ्यावर, एखाद्या पेटींत, कोणाच्या तरी घरीं पडून असणें अशक्य नाहीं.